मुलाच्या नावाचा वाफा

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, एका खेळाच्या मैदानाच्या कडेला, १८६८ साली मुलांसाठी भाजीचे वाफे आखले गेले. ते आखणारे गृहस्थ होते हाइनरिश कार्ल गेझेल, पेशानं शिक्षक. मैदान तीनच वर्षांपूर्वी, मे १८६५ मध्ये खुलं झालं होतं. शहरात गिरण्या आणि छापखाने वाढत होते, घरं एकमेकांना चिकटत चालली होती आणि मुलांना पळायला जागा उरली नव्हती. अर्न्स्ट हाउशिल्ड या मुख्याध्यापकांनी पालक आणि शिक्षक यांना एकत्र आणून संस्था काढली आणि त्या संस्थेनं हे मैदान मिळवलं. मुलांनी इथं खेळावंच, पण मातीतही हात घालावेत, म्हणून गेझेल यांनी कडेची पट्टी वाफ्यांसाठी घेतली.

संस्थेला नाव दिलं होतं डॉक्टर मोरित्झ श्रेबर यांचं. ते त्याच शहरातले अस्थिरोगतज्ज्ञ. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावं, व्यायाम करावा असं ते कळकळीनं लिहीत. १८६१ साली ते वारले, म्हणजे मैदानही त्यांनी पाहिलं नाही आणि वाफेही नाहीत. तरी आज जर्मनीत शहरातल्या छोट्या भाडेपट्टीच्या बागेला सर्रास ‘श्रेबरगार्टन’ म्हणतात. हे सांगितलं पाहिजे, कारण श्रेबर यांच्या बालसंगोपनाच्या कल्पना फार कडक होत्या; मुलानं ताठ बसावं म्हणून पट्टे आणि दांड्यांची उपकरणं त्यांनी सुचवली होती. बागांचं श्रेय खरं तर हाउशिल्ड आणि गेझेल यांचं आहे, आणि त्याहून जास्त त्या मुलांच्या आईवडिलांचं.

कारण पुढे जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिला उत्साह ओसरला तशी मुलं वाफ्यांकडे येईनाशी झाली. तण माजलं. तेव्हा आईवडील आले, त्यांनी तण उपटलं, माती भुसभुशीत केली आणि मुलाच्या वाफ्यात स्वतःच भाजी लावली. काही काळातच ‘मुलांचे वाफे’ हे ‘कुटुंबांचे वाफे’ झाले. मग कुंपणं आली, अवजारं ठेवायला छोट्या लाकडी खोपी आल्या. १८७६ साली ही बाग शहरातल्या दुसऱ्या जागी हलवली; ती तिथं अजून आहे, संरक्षित वास्तू म्हणून जपलेली, आणि तिच्या आवारात शहरी बागांचं संग्रहालयही आहे. दोन्ही महायुद्धांच्या उपासमारीत असल्या बागांनी शहरी कुटुंबांना बटाटे, कोबी, सफरचंदं पुरवली. १९१९ साली सरकारनं कायदा करून बागेचं भाडं मर्यादित ठेवलं आणि मालकाला मनाला येईल तेव्हा जागा काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली. १९८३ च्या कायद्यानुसार एका बागेचं क्षेत्र ४०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे आपल्या चार गुंठ्यांपेक्षा, मोठं नसावं आणि तिच्यातली खोपी २४ चौरस मीटरच्या आत असावी. ढोबळमानानं एक तृतीयांश जमिनीवर भाजी आणि फळं पिकवलीच पाहिजेत, असं न्यायालयानंही सांगितलं आहे. आज जर्मनीत अशा सुमारे नऊ लाख बागा आहेत.

लाइपझिगची ही गोष्ट बहुतेक वेळा मुलांच्या चंचलपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. शहराच्या पोटात राहणाऱ्या त्या आईवडिलांना कुणी सरळ बोलावलं असतं की या, बाग करा, तर किती जण आले असते? ते आले, कारण तिथं त्यांच्या मुलाच्या नावाचा वाफा होता आणि तो सुकत होता. मुलांसाठी काढलेली बाग कुटुंबाला ओढून आणते आणि कुटुंब आलं की बाग टिकते. सामुदायिक बागेचे जे उपक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यांच्या मुळाशी बऱ्याच ठिकाणी हेच दिसतं. जे बंद पडले त्यांत बहुधा मूल तरी एकटं पडलेलं असतं, नाहीतर जमीन हातची गेलेली असते.

मुलाला स्वतःचा वाफा द्यावा हा विचार गेझेल यांच्याही आधीचा. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं तेव्हा त्यांच्या मनात खरोखरीची बाग होती. त्यांनी तिचा आराखडाच देऊन ठेवला आहे. मधोमध प्रत्येक मुलाचा छोटा वाफा आणि त्याभोवती सगळ्यांचा मिळून सामाईक वाफा. आपल्या वाफ्यात मुलानं हवं ते लावावं, त्यात चुकावं, उपटून पाहावं. सामाईक वाफ्यात मात्र सगळ्यांबरोबर काम करावं. किंडरगार्टन जगभर गेलं, आपल्या गावोगावीही आलं, पण येताना वाफे वाटेतच राहिले.

अमेरिकेत ही कल्पना नव्यानं रुजली ती न्यूयॉर्कमध्ये. मॅनहॅटनच्या पश्चिम कडेला, जिथं त्या काळी कत्तलखाने, गोद्या आणि गरीब स्थलांतरितांच्या चाळी होत्या, तिथल्या डिविट क्लिंटन पार्कमध्ये फॅनी ग्रिस्कम पार्सन्स यांनी १९०२ साली मुलांची शेती सुरू केली. जागा कचऱ्यानं आणि दगडधोंड्यांनी भरलेली होती. ती साफ करून वाफे पाडले आणि एकेक वाफा एकेका मुलाला दिला. पार्सन्सबाईंनी स्पष्टच म्हटलं होतं की चार भाज्या पिकवणं हा त्यांचा हेतू नाही. सार्वजनिक जागेची काळजी स्वतःच्या वस्तूसारखी घ्यावी, दुसऱ्याच्या वाफ्यातलं उचलू नये, हातानं केलेल्या कामाची लाज वाटू नये, हे मुलांना सांगून येत नाही आणि वाफा सांभाळताना येतं, असा त्यांचा विश्वास होता. ही मुलं आयरिश, इटालियन, जर्मन घरांतली होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचे आजीआजोबा तिकडे युरोपात शेतकरी होते.

या परंपरेत मला सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते ती ब्रुकलिनची बाग. ब्रुकलिन बोटॅनिक गार्डन १९१० साली स्थापन झालं आणि १९१४ साली एलन एडी शॉ यांनी तिथं मुलांची बाग सुरू केली. ती आजतागायत चालू आहे. दोन महायुद्धं, मोठी मंदी, शहराला दिवाळखोरीपर्यंत नेणारं सत्तरचं दशक, सगळं पार करून. अमेरिकेतल्या अखंड चाललेल्या मुलांच्या बागांत ती सर्वांत जुनी मानली जाते. शॉबाईंनी तीस वर्षांहून जास्त काळ हे काम पाहिलं आणि त्यांच्यानंतर फ्रान्सिस मायनर यांनी १९७० च्या दशकापर्यंत. म्हणजे साठ वर्षांत बाग फक्त दोन माणसांच्या हातांत होती. आज दोन वर्षांच्या बाळापासून सतरा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे तिथं येतात. अगदी लहानांबरोबर आईवडील असतात, मोठी मुलं लहानांना शिकवतात. जे पिकतं ते मुलं घरी घेऊन जातात.

हे शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण बागेचं अर्थशास्त्र त्यात आहे. पिशवीतून घरी आलेल्या पाल्याचं काय करायचं हा प्रश्न घरच्यांना सोडवावा लागतो. आई विचारते, कुठून आणलास? मूल सांगतं, मी लावला होता. पुढच्या शनिवारी वडील पाहायला येतात. शाळेच्या दर्शनी भागात प्रदर्शनासाठी मांडून ठेवलेल्या भाजीला हे साधत नाही. म्हणून असा उपक्रम आखणाऱ्यानं पहिला प्रश्न हा विचारावा की मुलाच्या हातून पहिली वस्तू घरी केव्हा जाणार. उत्तर महिन्याच्या आतलं हवं. जगभरच्या मुलांच्या बागांत मुळा दिसतो तो याचसाठी. छोटा गोल लाल मुळा पंचवीस-तीस दिवसांत निघतो. एवढा वेळ सात-आठ वर्षांचं मूल वाट पाहू शकतं.

ब्रुकलिनचं यश आणखी एका गोष्टीत आहे, आणि ती आपल्याला पटकन लक्षात येत नाही. थंड देशांत पीक उन्हाळ्यात येतं. नेमक्या त्याच वेळी, जून ते ऑगस्ट, तिथल्या शाळांना मोठी सुट्टी असते. शिक्षकांनी वसंतात मोठ्या हौसेनं पेरणी करून घ्यायची आणि टोमॅटो पिकायच्या वेळी शाळेला कुलूप, अशी तिथल्या शालेय बागांची जुनी रड आहे. शॉबाईंची बाग शाळेत नव्हती, वनस्पती उद्यानात होती, त्यामुळे ती सुट्टीत जोरात चाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सरकारनं शाळकरी मुलांची ‘बाग सेना’ उभारली. मुलांना बिल्ले आणि हुद्दे मिळाले, लाखो मुलं तिच्यात भरती झाली. युद्ध संपलं, पैसा आटला, आणि सेना काही वर्षांत विरून गेली. आकडा मोठा होता, पण तो वरून आलेला होता.

सिॲटलमध्ये उलट घडलं. १९७० च्या सुमारास विमानांच्या कारखान्यात प्रचंड कपात झाली होती आणि हजारो घरांत मिळकत थांबली होती. डार्लिन रुंडबर्ग नावाच्या विद्यापीठातल्या तरुणीनं पिकार्डो या इटालियन शेतकरी कुटुंबाकडून त्यांच्या भाजीच्या मळ्याचा एक तुकडा वापरायला मागितला. जवळच्या वेजवुड प्राथमिक शाळेतल्या मुलांकडून तिनं मधल्या मोठ्या भागात घेवडा, कोबी, ब्रोकोली लावून घेतली; ही भाजी गरजू कुटुंबांना अन्न पुरवणाऱ्या एका संस्थेला जायची होती. आणि मदतीला येणाऱ्या घरांना तिनं सांगितलं, कडेनं तुमच्यासाठी छोटे तुकडे घ्या.

मध्ये मुलांचा सामाईक मळा, भोवती कुटुंबांचे वाफे. लाइपझिगमध्ये जे आपसूक झालं ते इथं पहिल्या दिवसापासून आखणीत होतं. १९७३ साली नगरपालिकेनं उपक्रम स्वतःच्या हाती घेतला आणि पिकार्डो कुटुंबाच्या आद्याक्षरावरून त्याला ‘पी-पॅच’ हे नाव पडलं. आज शहरात अशा नव्वदच्या आसपास बागा आहेत, वाफा मिळावा म्हणून लोक रांगेत थांबतात, आणि या बागांतून जादा भाजी अन्नछत्रांकडे जाते. मुलांनी पहिल्या वर्षी जे केलं तेच.

जमिनीचा प्रश्न मात्र सगळीकडे येतो आणि तो भावनेनं सुटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्यानं भरलेली मोकळी जागा साफ केली आणि बाग केली. पुढच्या वर्षी महापालिकेनं ती महिन्याला एक डॉलर भाड्यानं त्यांना दिली. १९७८ पासून शहराचा स्वतःचा ‘ग्रीनथम्ब’ विभाग अशा बागांना माती, लाकूड, अवजारं पुरवतो. आज त्याच्याकडे साडेपाचशेहून जास्त बागा आहेत. पण जागांचे भाव चढले तेव्हा, १९९९ साली, महापौर रुडी जुलियानी यांच्या प्रशासनानं शंभरावर बागांचा लिलाव ठरवला. माणसं रस्त्यावर आली, भाज्यांचे आणि फुलांचे वेष घालून मोर्चात चालली, न्यायालयात दावे लागले. अखेर लिलावाच्या तोंडावर दोन संस्थांनी त्या बागा विकत घेतल्या. त्यांतली एक अभिनेत्री बेट मिडलर यांनी काढलेली होती. जर्मनीनं जे काम १९१९ च्या कायद्यानं केलं होतं ते न्यूयॉर्कला ऐनवेळी दानशूरांच्या पैशानं करावं लागलं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या बागेचा किमान काही वर्षांचा लेखी करार नाही तिथं मुलाला वाफा देऊ नये. मुलाला दिलेला वाफा मध्येच काढून घेण्यापेक्षा न दिलेला बरा.

याच शहरातल्या बागा मला आणखी एका कारणासाठी जवळच्या वाटतात. दक्षिण ब्राँक्समध्ये आणि मॅनहॅटनच्या पूर्व भागात प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांनी बागेत ‘कासिता’ म्हणजे लाकडी घरकुलं बांधली. तिथं आजोबा ढोलकी वाजवतात, मुलं मक्याच्या ओळींतून पळतात, संध्याकाळी जेवण तिथंच होतं. ब्रुकलिनच्या बागांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्या बायका कॅलालू लावतात. जमैकात ज्याला कॅलालू म्हणतात तो आपला माठच, त्याच कुळातला. ज्या आजीला इंग्रजी वाचता येत नाही ती बागेत शिक्षिका होते. रोप किती अंतरावर लावायचं, बी कधी धरायचं, किडीला राख कशी भुरकावायची हे तिला ठाऊक असतं, आणि शाळेत शिकलेला नातू प्रथमच तिला काही विचारतो. पिढ्यांमध्ये हा असा व्यवहार घडवणारी जागा शहरात दुसरी क्वचितच सापडते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तिथल्या प्रसिद्ध उपाहारगृहाच्या मालक ॲलिस वॉटर्स यांनी एका मुलाखतीत जवळच्या शाळेच्या उजाड आवाराबद्दल खंत व्यक्त केली. मुख्याध्यापकांनी राग न धरता त्यांना बोलावलं. त्यातून १९९५ साली मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर माध्यमिक शाळेत डांबर उखडून एक एकराची बाग झाली. तिचं वैशिष्ट्य बागेपेक्षा शेजारच्या स्वयंपाकघरात आहे. मुलं जे पिकवतात ते तिथंच चिरतात, शिजवतात आणि एका टेबलाभोवती बसून खातात. २००९ साली मिशेल ओबामा यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर वॉशिंग्टनच्या बॅनक्रॉफ्ट शाळेतल्या मुलांना घेऊन भाजीचे वाफे खणले, तेव्हाही पेरणीला आलेली मुलं काढणीला आणि स्वयंपाकाला परत बोलावली गेली. चूल जोडलेली नसेल तर बाग अर्धीच राहते.

अशा बागांचा उपयोग किती, यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांतून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते: ज्या मुलानं भाजी स्वतः लावली ते मूल ती चाखून पाहायला जास्त तयार होतं. मुलांचं वजन घटतं, गुण वाढतात असे दावे मात्र एवढ्या ठामपणे सिद्ध झालेले नाहीत आणि बागेच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ते करू नयेत. जे मूल पालक तोंडात घालत नव्हतं ते आता घालतं, एवढं पुरेसं आहे. आणि घरातली भाजी बदलायला तेवढं लागतं.

आता आपल्याकडे पाहू. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा सूतकताईबरोबर शेतीकामही शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं होतं. ते धोरण पुढे मागं पडलं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे शिक्षक होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत चांगलं जगता येईल हा हिशेब शेतकऱ्यांसमोर ठेवला. पालापाचोळ्यातून सुपीक माती तयार करायची त्यांची पद्धत आज गच्चीवर भाजी लावणारी कितीतरी शहरी कुटुंबं वापरतात. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये केटरिंग अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली. हजारो कामगारांचं जेवण जिथं शिजत होतं तिथली सालं-देठं तिथंच माती झाली. पुढे त्यांनी ‘अर्बन लीव्ह्ज’ या गटातून शहरातल्या कुटुंबांना हे शिकवलं. आणि आता शालेय पोषण आहाराच्या योजनेत शाळांनी परसबाग करावी असं सरकारचंच सांगणं आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत ती आहे, आणि तिथली मेथी, शेवगा, कढीपत्ता खिचडीत आणि आमटीत पडतो.

आणि या बाबतीत आपल्याकडे एक मोठी सोय निसर्गानं करून ठेवली आहे. आपली शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात थोडी उशिरा, आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. पेरणी आणि पहिला तास एकाच पंधरवड्यात. गणपतीपर्यंत भेंडी, गवार, काकडी, दोडका निघतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर हिवाळी भाज्या: मुळा, गाजर, मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा येतात तोवर वाफे रिकामे होत आलेले असतात, आणि मे महिन्यात शाळा बंद असते तेव्हा उन्हानं तापलेली माती तशीही विश्रांतीच घेत असते. अमेरिकेतल्या शिक्षकांना ज्या अडचणीनं शंभर वर्षं छळलं ती आपल्याला नाहीच. तरी आपण शाळेत मुलांकडून बाग करून घेतो ती बहुतेक वेळा एका दिवसाची. वृक्षारोपणाच्या दिवशी खड्डे खणले जातात, पाहुण्यांच्या हस्ते झाड लागतं, छायाचित्र निघतं. झाड लावणं चांगलंच, पण झाड मुलाच्या नावचं नसतं आणि त्याचं फळ मूल शाळा सोडून गेल्यावर येतं. वाफ्याचं तसं नाही.

करायचं कसं, ते थोडक्यात पण नेमकं सांगतो. लहान मुलाचा हात दीड फुटापलीकडे नीट पोचत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी काम करता येईल असा वाफा तीन फुटांहून रुंद नको, लांबी जागेप्रमाणे. काळ्या जमिनीत पावसाचं पाणी साचतं आणि बी कुजतं, तिथं गादीवाफाच करावा. कोकणात तर त्याला पर्याय नाही. दोन वाफ्यांमधली वाट पक्की आणि ऐसपैस ठेवावी, नाहीतर मुलं वाफ्यातूनच चालतात आणि माती दडपते. प्रत्येक वाफ्यावर मुलाच्या नावाची पाटी हवीच. बियाणं पहिल्या वर्षी पटकन उगवणारं घ्यावं: लाल माठ, मेथी, मुळा, चवळी. त्यांच्या जोडीला एक ओळ भुईमुगाची लावावी. त्याला साडेतीन-चार महिने लागतात, पण फुलं वर आणि शेंगा जमिनीत हे कोडं मुलांना धरून ठेवतं, आणि वेल उपटायच्या दिवशी कुणीही गैरहजर राहत नाही.

शहरात जागा गच्चीवरच असेल तर वजनाचा विचार आधी करावा. ओल्या मातीचा एक घनफूट पंचेचाळीस-पन्नास किलोचा भरतो. तेव्हा नुसती माती नको. रसवंतीवरचं उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या, सुका पाला आणि स्वयंपाकघरातलं खत यांचं हलकं मिश्रण करावं, पिंपाऐवजी उथळ पेट्या घ्याव्यात, आणि त्या विटांवर उचलून ठेवाव्यात म्हणजे खालून पाणी वाहून जाईल. इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग तपासल्याशिवाय एकही पेटी वर नेऊ नये. रस्त्याच्या कडेची किंवा जुन्या बांधकामाच्या राडारोड्याची जमीन असेल तर तिच्यात शिसं असू शकतं. ब्रुकलिनमध्ये जुन्या घरांच्या रंगातून आणि गाड्यांच्या धुरातून ते मातीत उतरलं, म्हणून तिथं बाहेरून आणलेली माती भरून उंच वाफे करतात. आपणही तसंच करावं.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते माणूस. साठ वर्षांत दोन माणसं, हे ब्रुकलिनचं गणित आपल्या डोळ्यांपुढे असावं. मुलांची बाग स्वयंसेवकांच्या उत्साहावर दोन हंगाम चालते. तिसऱ्या हंगामाला रोज तिथं असणारा, मुलांना नावानं ओळखणारा आणि कामाचा मोबदला मिळणारा एक माणूस लागतो. शाळेत ती व्यक्ती पोषण आहार शिजवणाऱ्या ताई असू शकतात. त्यांतल्या बहुतेक शेतकरी घरांतल्या असतात, त्यांना शिक्षकांपेक्षा मातीचं जास्त कळतं, आणि त्यांचं मानधन आज अगदी तुटपुंजं आहे. परसबागेसाठी त्यांना वेगळं मानधन द्यावं ही मागणी पालकसभेनं लावून धरण्यासारखी आहे. परसबागांच्या स्पर्धा भरवण्यावर जो खर्च होतो तो आधी इकडे वळवावा.

आणि कुटुंबांना बागेत बोलावताना सभा नको, काम द्यावं. रविवारी सकाळी दोन तास, चहा, खुरपी घरून आणायची. शेजारच्या वस्तीतले आजी-आजोबा यावेत, त्यांनी सोबत घरातलं राखलेलं बी आणावं. वाल, पावटा, अंबाडी, गावठी काकडी, दुधी यांचं घरचं बी अजून कित्येक घरांत डब्यात राखेत ठेवलेलं असतं आणि ते पेरणारं कुणी नसतं. मुलांच्या वाफ्याभोवती चार-पाच कुटुंबांचे वाफे सुरुवातीपासूनच आखावेत. सिॲटलला तसंच केलं होतं; म्हणजे सुट्टीत पाणी कुणी घालायचं हा प्रश्न येत नाही.

तुमच्या शाळेच्या, सोसायटीच्या किंवा मंदिराच्या आवारात अशी दहा बाय वीस फुटांची पट्टी असेल, तर एप्रिलमध्येच संबंधितांकडून किमान तीन वर्षांची लेखी परवानगी घ्या. मेमध्ये माती, शेणखत आणि पाण्याचा नळ यांची सोय लावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ-दहा मुलांची नावं लिहून पाट्या ठोका, आणि पेरणीच्या दिवशी प्रत्येकाच्या घरून निदान एक मोठं माणूस बरोबर बोलवा.